राखीव सैनिकाचें स्मरण

युद्धांत पडलेल्या मनुष्याचें स्मरण दोन ठिकाणीं होत असतें. एक ठिकाण चव्हाट्यावर असतें. तेथें दगडी स्तंभ उभा असतो. वर्षांतून एकदां त्यावर फुलें वाहिलीं जातात आणि बिगुल वाजतो. दुसरें ठिकाण त्याच्या घरांत असतें. तेथें खुंटीवरचा त्याचा कोट, अर्धवट राहिलेलें त्याचें काम आणि मुलांच्या चेहऱ्यांत उतरलेली त्याची ठेवण यांना ती स्मृति बिलगून असते. चव्हाट्यावर स्मरण होतें तें सैनिकाचें; घरांत होतें तें माणसाचें.

सातारा-रत्नागिरी भागांतील कित्येक खेड्यांतून पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें बसविलेल्या दगडी पाट्या आजही दिसतात. या गांवांतून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले आणि त्यांपैकीं इतक्यांनीं प्राण दिले, एवढाच मजकूर त्यांवर कोरलेला असतो. आंकडा असतो, नांव नसतें. राष्ट्राचा हिशेब आंकड्यांवर भागतो, आणि एवढ्या मोठ्या संहाराची नोंद दुसऱ्या कोणत्या रीतीनें ठेवावी, हेंही सांगणें कठीण आहे. परंतु ज्या घरांतून त्यांतील एक गेला, त्या घरानें तो आंकडा वाचून काय करावें?

हा प्रश्न राखीव सैनिकाच्या बाबतींत अधिकच बोंचतो. खड्या फौजेंतील शिपायाच्या घरानें मनाशीं कांहीं एक तयारी केलेली असते. राखीव सैनिकाची गोष्ट निराळी. तो शाळेंत शिकवितो, दुकानांत माल मोजतो, शेत नांगरतो, संध्याकाळीं मुलाला खांद्यावर घेऊन फिरावयास जातो. त्याचें नांव मात्र कोठल्या तरी कचेरींतील वहींत नोंदलेलें असतें. एके दिवशीं ती वही उघडली जाते, घरीं एक कागद येतो, आणि कालचा गृहस्थ आज सैनिक होतो.

१९१४ पूर्वींच्या जर्मनींत ही व्यवस्था फार काटेकोरपणें चालविली जात असे. पायदळांत दोन वर्षें चाकरी करून तरुण घरीं परतला, तरी वयाच्या साधारण सत्ताविसाव्या वर्षापर्यंत तो राखीव दलांतच गणला जाई, आणि त्यानंतरही दुय्यम दलाच्या यादींत त्याचें नांव कायम राही. सुशिक्षित आणि खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतील तरुणांना एक सवलत होती. कपड्यालत्त्याचा आणि राहण्याजेवणाचा खर्च स्वतः सोसून त्यांनीं एकच वर्ष चाकरी करावी, आणि पुढें राखीव दलांत हवालदाराची किंवा अधिकाऱ्याची जागा पत्करावी, असा नियम होता. अशी एक वर्षाची चाकरी करून घरीं परतलेल्या आणि पुढें रणांगणावर पडलेल्या एका तरुणाची ही हकीकत आहे. त्याचें नांव आउगुस्ट माके. धंद्यानें तो चित्रकार होता.

माकेचा जन्म ३ जानेवारी १८८७ रोजीं वेस्टफालियांतील मेशेडे या गांवीं झाला. वडील बांधकामाचे मक्तेदार होते. कुटुंब पुढें ऱ्हाइन नदीच्या कांठीं आलें. कोलोन आणि बॉन या शहरांत त्याचें बालपण गेलें. १९०४ सालीं तो ड्यूसेलडॉर्फच्या कलाशाळेंत दाखल झाला. परंतु तेथील ठराविक शिक्षणांत त्याचें मन रमलें नाहीं. त्यापेक्षां शहरांतील नाट्यगृहासाठीं नेपथ्य आणि वेषभूषा रेखाटण्यांत त्याला अधिक गोडी वाटे. १९०७ सालीं तो पॅरिसला गेला, तेथें प्रभाववादी चित्रकारांचीं चित्रें त्यानें पाहिलीं, आणि रंग हेंच आपलें बोलणें आहे हें त्याला उमगलें. कांहीं महिने बर्लिनमध्यें लोव्हिस कोरिंट या नामांकित चित्रकाराजवळ शिकून झाल्यावर १९०८ सालीं त्यानें लष्करी चाकरीचें तें एक वर्ष पत्करलें. तें वर्ष संपलें, गणवेष उतरला, आणि त्याच्यापुरता तो विषय संपला असें त्याच्या घरच्यांना वाटलें असल्यास नवल नाहीं. वहींतील नांव मात्र राहिलें.

बॉनमधील एका कारखानदाराची कन्या एलिझाबेथ गेर्हार्ट हिच्याशीं त्याची ओळख १९०३ सालीं झाली होती. तेव्हां तो सोळा वर्षांचा होता आणि ती पंधरा वर्षांची. लष्करी चाकरी आटोपतांच, ५ ऑक्टोबर १९०९ रोजीं, त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षीं त्यानें तिचें एक चित्र काढलें. हातांत सफरचंदांची बशी धरून ती उभी आहे. दृष्टि खालीं आहे. मुद्रेवर नव्या संसाराची स्वस्थता आहे. हें चित्र म्यूनिकच्या संग्रहालयांत आहे. पुढें पांच वर्षें त्यानें तिला पुनः पुन्हां रंगविलें: वाचतांना, शिवतांना, मुलाला घेऊन बसलेली असतांना. चित्रासाठीं विषय शोधावयास त्याला घराबाहेर फार दूर जावें लागलें नाहीं.

१९१० च्या एप्रिलमध्यें थोरला मुलगा वाल्टर जन्मला, आणि १९१३ च्या फेब्रुवारींत धाकटा वोल्फगांग. १९११ पासून हें कुटुंब बॉनमध्यें एलिझाबेथच्या माहेरच्या कारखान्याशेजारील घरांत राहूं लागलें. त्या घराच्या पोटमाळ्याची माकेनें चित्रशाळा केली. खिडकींतून समोर चर्चचा मनोरा दिसे. तोही त्यानें हिवाळ्याच्या बर्फांत रंगविला. १९१२ सालीं त्यानें एक लहानसें चित्र काढलें. त्यांत चेंडू आहे, रशियन बाहुली आहे, मुलाचीं इतर खेळणीं आहेत. बाजूला झाडाची कुंडी आहे. चित्राचें नांव 'छोट्या वाल्टरचीं खेळणीं'. मोठमोठे सिद्धान्त मांडण्याच्या त्या काळांत एका बापानें आपल्या मुलाचीं खेळणीं राजाच्या रत्नभांडाराइतक्या आदरानें रंगवावीं, यांत त्या मनुष्याचा सारा स्वभाव दिसतो.

त्याच्या इतर चित्रांतूनही तोच स्वभाव प्रकट होतो. टोप्यांच्या दुकानाच्या कांचेपुढें थबकलेली स्त्री, उद्यानांत झाडांखालून चाललेलीं जोडपीं, प्राणिसंग्रहालयांतील पोपट आणि हरणें, नदीकांठचें ऊन. शहरांतील मध्यम स्थितींतील माणसांचा सुटीचा दिवस हा त्याचा आवडता विषय होता. कांडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनीं चालविलेल्या 'निळा घोडेस्वार' या प्रसिद्ध मंडळाशीं त्याचा निकट संबंध होता. त्यांच्या १९१२ च्या संग्रहग्रंथांत त्यानें मुखवट्यांवर एक निबंधही लिहिला. परंतु त्यांच्या गूढवादाकडे त्याचा ओढा नव्हता. डोळ्यांसमोरचें जग त्याला पुरेसें होतें.

फ्रान्झ मार्क हा त्याचा जिवलग मित्र. वयानें सात वर्षांनीं मोठा. १९१२ च्या शरद ऋतूंत मार्क बॉनला आला असतां दोघां मित्रांनीं मिळून पोटमाळ्यावरील चित्रशाळेच्या भिंतीवर सुमारें चार मीटर उंचीचें एक चित्र काढलें. विषय होता नंदनवन: पहिला पुरुष, पहिली स्त्री आणि त्यांच्याभोवतीं निर्भयपणें वावरणारे प्राणी. पुढच्याच वर्षीं, १९१३ च्या जानेवारींत, फ्रेंच चित्रकार रोबेर दलोने आणि कवि गीयोम अपोलिनेर हे त्या घरीं पाहुणे म्हणून आले. जर्मन यजमान आणि फ्रेंच पाहुणे यांच्या बोलण्याचा विषय रंग आणि प्रकाश हाच होता. दोन वर्षेंही लोटलीं नाहींत तोंच यजमानाला पाहुण्याच्या देशावर चाल करून जावें लागलें, आणि पाहुणा कवि फ्रेंच सैन्यांत दाखल झाला. अपोलिनेरला १९१६ सालीं डोक्यास जखम झाली, आणि युद्ध थांबण्याच्या दोनच दिवस आधीं साथीच्या तापानें तो वारला.

१९१४ चा एप्रिल हा माकेच्या आयुष्यांतील सर्वांत उजळ महिना म्हणावा लागेल. त्या वेळीं तो कुटुंबासह स्वित्झर्लंडमधील थून सरोवराच्या कांठीं राहत होता. तेथून तो पाउल क्ले आणि लुई म्वालिये या दोन चित्रकार मित्रांबरोबर मार्सेय बंदरांतून बोटीनें ट्यूनिसला गेला. सुमारें दोन आठवडे ते तेथें होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील त्या लखलखीत उन्हांत माकेनें तीसांहून अधिक जलरंगचित्रें काढलीं, आणि रेखाटनांची तर गणतीच नव्हती. पांढरीं घरें, निळीं दारें, कॉफीखान्यापुढें बसलेला मनुष्य, गाढवावरचा स्वार. रंगाचे चौकोन एकमेकांशेजारीं असे बसले आहेत कीं त्यांतून ऊनच पाझरतें. युरोपच्या चित्रकलेच्या इतिहासांत ती सफर आजही संस्मरणीय मानली जाते. जूनमध्यें कुटुंब बॉनला परतलें. ट्यूनिसच्या आठवणी तैलरंगांत उतरूं लागल्या. वय सत्तावीस, हात तयार, विषय भरपूर.

१ ऑगस्ट १९१४ रोजीं जर्मनींत सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम निघाला. त्या दिवसांत माकेच्या घोडीवर जें चित्र होतें, तें 'निरोप' या नांवानें कोलोनच्या संग्रहालयांत ठेवलें आहे. रस्त्यावर स्त्रिया, पुरुष आणि मुलें उभीं आहेत. चेहऱ्यांवर नाकडोळे रेखलेले नाहींत. ट्यूनिसचें ऊन तेथें कोठेंच नाहीं. करडा आणि काळसर रंग सर्वत्र पसरला आहे. ज्यानें आयुष्यभर सुटीचा दिवस रंगविला, त्याच्या हातून निघालेलें हें अखेरचें मोठें चित्र होय.

८ ऑगस्टला त्याला पलटणींत हजर व्हावें लागलें. पलटण ऱ्हाइनकांठचीच, पायदळाची १६० वी. बेल्जियममधून ती फ्रान्समध्यें शिरली. माके कर्तव्यांत चुकला नाहीं. सैनिक म्हणून तो धीराचा निघाला, एका कंपनीचें नेतृत्व त्याच्याकडे आलें, आणि मृत्यूपूर्वीं थोडेच दिवस त्याला 'लोहक्रूस' हें शौर्यपदक मिळालें. परंतु घरीं लिहिलेल्या पत्रांतून त्यानें युद्धाची वाखाणणी केली नाहीं. युद्धाचें दुःख शब्दांत सांगण्यापलीकडचें आहे, असेंच त्यानें कळविलें. २६ सप्टेंबर १९१४ रोजीं शाम्पान्य प्रांतांतील पेर्त-ले-हुर्लू या खेड्याजवळ तो ठार झाला. घर सोडल्याला त्या दिवशीं बरोबर सात आठवडे झाले होते, आणि लग्नाच्या पांचव्या वाढदिवसाला नऊ दिवस उरले होते. वाल्टर साडेचार वर्षांचा होता, वोल्फगांग दीड वर्षांचा. सुएँ येथील जर्मन सैनिकांच्या दफनभूमींत अनेकांच्या एकत्रित कबरींत त्याला विसांवा मिळाला. ज्या खेड्याजवळ तो पडला तें खेडेंही पुढील लढायांत पार उद्ध्वस्त झालें आणि पुन्हां वसलें नाहीं.

त्याच दिवशीं, २६ सप्टेंबर १९१४ रोजीं, हिंदी सैन्याची पहिली तुकडी फ्रान्सच्या भूमीवर उतरली, आणि ती उतरली मार्सेय बंदरांत. साडेपांच महिन्यांपूर्वीं त्याच बंदरांतून माके हंसत-खेळत ट्यूनिसच्या बोटींत चढला होता. आपल्या खेड्यांतील पाट्यांवरचे आंकडे आणि बॉनच्या त्या घरांतील शोक यांचा उगम एकाच युद्धांत आहे, याची ही तारीख चांगली आठवण करून देते.

माकेच्या मृत्यूची वार्ता मार्कला आघाडीवरच कळली. त्यानें तेथूनच मित्रावर एक मृत्युलेख लिहिला. माकेच्या जाण्यानें जर्मन कलेंतील रंग कांहीं छटांनीं फिका पडणार, असा त्याचा भावार्थ होता. आश्चर्य असें कीं युद्धानें जग शुद्ध होईल अशी आशा बाळगणाऱ्यांपैकींच मार्क एक होता. ४ मार्च १९१६ रोजीं व्हर्दनजवळ तोही पडला. पोटमाळ्याच्या भिंतीवर ज्या दोघांनीं नंदनवन रंगविलें, ते दोघेही अशा रीतीनें पाठोपाठ गेले. भिंतीवरचें नंदनवन तेवढें राहिलें.

युद्धकथा बहुधा येथें संपते. घराची कथा येथून सुरू होते.

एलिझाबेथ सव्वीस वर्षांची विधवा. पदरीं दोन लहान मुलें, आणि पोटमाळ्यावर तैलचित्रांचा, जलरंगचित्रांचा आणि रेखाटनांच्या वह्यांचा मोठा संग्रह. दहा वर्षांच्या अवधींत तिच्या पतीनें केलेलें सारें काम आतां तिच्या स्वाधीन झालें. १९१६ सालीं तिनें पतीचाच एक मित्र लोटार एर्डमान याच्याशीं विवाह केला. या विवाहापासूनही तिला मुलें झालीं. पुनर्विवाह म्हणजे पहिल्या पतीचें विस्मरण, असें मानणारे लोक सर्वच समाजांत असतात. परंतु या घरांत तसें झालें नाहीं. मृताच्या मित्रानें त्याच्या मुलांचा सांभाळ केला, आणि मृताचीं चित्रें त्या घरांत मानानें राहिलीं. जिवंतांची काळजी वाहणें आणि मृताची आठवण राखणें या दोन गोष्टी एका चुलीवर नांदूं शकतात, याचा हा दाखला आहे. नियति मात्र प्रसन्न नव्हती. ज्याचीं खेळणीं बापानें रंगविलीं होतीं तो वाल्टर १९२७ सालीं, ऐन कोवळ्या तारुण्यांत, आरक्त ज्वरानें दगावला.

त्यानंतर राष्ट्रानें आपल्या या सैनिकाला कसें वागविलें तेंही पाहण्यासारखें आहे. १९३३ सालीं नाझी राजवट आली. रणांगणावर पडलेल्या वीरांचा जयघोष तिच्याइतका मोठ्यानें दुसऱ्या कोणी केला नसेल. परंतु १९३७ सालीं त्याच राजवटीनें नव्या चित्रकलेला 'भ्रष्ट कला' ठरवून ती सरकारी संग्रहालयांतून काढून टाकविली, आणि त्या मोहिमेंत माकेच्या चित्रांवरही गदा आली. सैनिक म्हणून त्याचें मरण त्यांना हवें होतें; माणूस म्हणून त्यानें जें पाहिलें आणि रंगविलें, तें नको होतें. पुढें दोनच वर्षांनीं, १९३९ च्या सप्टेंबरमध्यें, दुसरें महायुद्ध सुरू होतांच लोटार एर्डमान याला पकडण्यांत आलें. तो पत्रकार होता आणि कामगार-चळवळींतील लेखक होता. झाक्सेनहाउझेनच्या छळछावणींत थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. एका स्त्रीचा पहिला पति राष्ट्रासाठीं म्हणून गेला आणि दुसरा राष्ट्राच्याच हातून गेला. दोन्ही वेळां महिना सप्टेंबरच होता.

अशा स्थितींत चव्हाट्यावरच्या स्मरणावर विसंबून राहणें त्या घराला परवडण्यासारखें नव्हतें. राजवटीबरोबर स्तंभावरचा मजकूर बदलतो, समारंभांतील भाषणें बदलतात, आणि कधीं कधीं वीराची यादी नव्यानें लिहिली जाते. एलिझाबेथबाईंनीं आपल्यापरीनें दुसरा मार्ग धरला. त्यांनीं आठवणी लिहिल्या. त्यांचें 'आउगुस्ट माकेच्या आठवणी' हें पुस्तक १९६२ सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां त्यांचें वय ७४ वर्षांचें होतें आणि पतीला जाऊन ४८ वर्षें झालीं होतीं. ज्याच्याविषयीं त्या लिहीत होत्या तो मात्र सत्तावीस वर्षांचाच राहिला होता. लेखिका आजी झाली होती आणि नायक तिच्या नातवंडांच्या वयाचा. विधवेच्या स्मरणांत ही एक विलक्षण गोष्ट असते, कीं ती स्वतः म्हातारी होत जाते आणि तो होत नाहीं. १९७८ सालीं, जवळजवळ नव्वद वर्षांचें आयुष्य पुरें करून त्या वारल्या.

आज माकेला जर्मनींत कोणी विसरलेलें नाहीं. बॉनमधील तें राहतें घर १९९१ सालीं त्याच्या नांवाचें संग्रहालय म्हणून खुलें झालें. पोटमाळ्यावरचें नंदनवन भिंतीवरून काळजीपूर्वक उतरवून म्युन्स्टरच्या संग्रहालयांत नेण्यांत आलें आहे. खेळण्यांचें तें लहान चित्र फ्रांकफुर्टच्या संग्रहालयांत आहे. हीं सारीं ठिकाणें पाहणाऱ्याला माकेचें लोहक्रूस क्वचितच आठवत असेल. दुकानाच्या कांचेपुढें थबकलेली बाई, ट्यूनिसचें ऊन आणि मुलाचा चेंडू यांतूनच तो भेटतो. चित्रकार होता म्हणून त्याच्या घरची आठवण जगाची झाली, एवढेंच त्याचें भाग्य इतरांहून निराळें.

कारण त्या सात आठवड्यांत त्याच्याप्रमाणें वहींतून उचलले गेलेले आणि परत न आलेले हजारों होते. त्यांतील बहुतेकांनीं चित्रें काढलेलीं नव्हतीं. कोणी शिंपी असेल, कोणी तारमास्तर, कोणी सुतार. त्यांच्याही घरीं खेळणीं होतीं. तीं रंगविणारा कोणी नव्हता इतकेंच. हेंच जर्मनीला लागू तेंच फ्रान्सला, आणि तेंच सातारा-रत्नागिरीच्या त्या खेड्यांना. त्या पाट्यांवरील आंकड्यांत मोडणारा प्रत्येक जण घर सोडण्याच्या आदल्या दिवशीं कांहीं तरी करीत होता: बैलांना वैरण घालीत होता, कौलें शाकारीत होता, लेकराला जत्रेंतून आणलेली पिपाणी वाजवून दाखवीत होता.

सैनिकाच्या स्मृतिदिनीं फुलें वाहावींत, उभें राहून मानवंदना द्यावी. हें सर्व योग्यच आहे. पण त्याबरोबर त्याच्या घरच्यांना एक प्रश्नही विचारावा. तो कसा पडला, हें सरकारी कागद सांगतील. तो कसा होता, हें त्यांना विचारावें. ज्या घरांत असें कोणी गेलें असेल, तेथील वडील माणसांनीं तें उत्तर मुलांना सांगून ठेवावें, आणि जमल्यास चार ओळींत लिहून ठेवावें. त्याला काय आवडे, तो कशावर हंसे, कोणतें काम त्याच्या हातून अर्धें राहिलें, इतकें लिहिलें तरी पुष्कळ झालें. एलिझाबेथबाईंनीं तें केलें तेव्हां अर्धें शतक लोटत आलें होतें. तरीही फार उशीर झालेला नव्हता.